आतल्या बाजूचा तिसरा खिळा

घोडा लंगडायला लागला की आजूबाजूची माणसं एकदम हुशार होतात. जनावर धडधाकट असताना ज्यांना त्याचं पुढचं-मागचं कळत नाही, ती माणसं कुंपणाला रेलून उभी राहतात आणि खांदा धरलाय, कंबर गेलीय, हवा बदललीय, खुराक जास्त झालाय, असं एकेक फेकायला लागतात. खाली कोणी बघत नाही. खाली शेण असतं. खूर बघायचा तर कमरेत वाकावं लागतं, पाय उचलून आपल्या मांड्यांत धरावा लागतो, जनावराचं डोकं फिरलेलं असेल तर लाथ खावी लागते, आणि एवढं करून कपडे खराब होतात ते वेगळंच. मी बावीस वर्षं वाकतोय. लंगडे म्हणून माझ्यासमोर आणलेल्या दहा घोड्यांपैकी सात-आठ खुरातच दुखावलेले निघतात. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही, माझ्या कमरेनं सांगितलंय.

एवढं तोऱ्यात बोलून घेतो. पुढं जे सांगायचंय त्यात तोऱ्याला जागा नाही.

मी नालबंद. जुन्या नाला काढायच्या, खूर तासायचे, नव्या नाला ठोकायच्या, एवढंच मला येतं, म्हणून सगळे मला ठोक्या म्हणतात. शहर जिथं संपतं तिथं घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा आहे. अठरा घोडे, वाळूचं रिंगण आणि काचेचं ऑफिस. ऑफिसात मालकीणबाई बसतात. बाई मनानं वाईट नाहीत. त्यांना घोडे आवडतात, फोटोत जरा जास्त आवडतात. माझा थोरला भाऊ, दादा, तिथं मोतद्दार आहे. चारापाणी, खरारा, घोडे फिरवून आणणं, कोणी दाणा टाकला, कोणाचं पोट फुगलं, सगळं त्याच्याकडं. तबेल्यावरच्या दोन खोल्या त्याला या कामाबरोबर मिळाल्या. तिथं तो, वहिनी आणि दोन मुली राहतात. मला इथं लावून दिलं तेही दादानंच. बाईंना त्यानं सांगितलं होतं, "माझा भाऊ आहे म्हणून नाही म्हणत, पण याच्या हातचा खिळा घोड्याला कळत नाही."

अठरा घोड्यांत एक काजळी. चौदा वर्षांची काळीभोर घोडी. जवानीत मोठमोठे अडथळे उडी मारून पार करायची, बक्षिसं आणायची. आता नवशिक्यांना पाठीवर घेऊन रिंगणात फिरते आणि कोणी लगाम फार ओढला तर थांबून मागं वळून बघते, जणू विचारते, झालं का तुमचं? कागदोपत्री ती बाईंची. पण बाईंनी हाक मारली तर ती कानही हलवायची नाही, आणि दादा खोकला तरी ठाणातून मान बाहेर काढायची. वहिनी म्हणायची, "मला सवत आहे. चार पायांची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त लाडाची आहे."

तर एका सोमवारी सकाळी बाईंकडं पाहुणे आले. सहा-सात जण, सगळ्यांचे बूट स्वच्छ. मी काजळीच्या डाव्या पुढच्या पायाला नाल लावत होतो. बाई त्यांना घेऊन माझ्यापुढं आल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे नालबंद. बघा हं, हात कसा चालतो यांचा. अगदी कलाकार आहेत."

बावीस वर्षांत मला कोणी कलाकार म्हटलं नव्हतं. लोकांनी मला काय काय म्हटलंय त्याची यादी इथं देत नाही. मी फुगलो. बाईंनी मोबाईल वर धरला, तेव्हा आणखी फुगलो. तोंडात दोन खिळे धरून, खुराकडं न बघता, पाहुण्यांकडं बघून हसत ठोकायला लागलो. विनोद असा की खिळे तोंडात असले की हसता येत नाही, नुसते दात दिसतात.

इथं दोन ओळी कामाच्या सांगतो. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते, कडक आणि मेलेली. तिच्यातून खिळा गेला तर घोड्याला पत्ता लागत नाही. पण त्या भिंतीच्या आत लगेच जिवंत मांस आहे. खिळा भिंतीत शिरून बाहेरच्या बाजूला वळत वर यायला हवा. तो नीट जात असेल तर प्रत्येक ठोक्याला टणटणीत आवाज येतो. आत वळला की आवाज बसतो, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. असा आवाज आला की नालबंदानं काय करायचं हे ठरलेलं आहे. खिळा उपसायचा, भोकात आयोडीन सोडायचं, ते भोक रिकामं ठेवायचं आणि मोतद्दाराला सांगायचं, की बाबा, इथं लक्ष ठेव. पाच मिनिटांचं काम. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चांगल्या चांगल्यांचा खिळा चुकतो.

नालेला बाहेरून चार खिळे, आतून तीन. आतल्या बाजूचा तिसरा म्हणजे टाचेकडचा. तिथं भिंत पातळ असते. तोच ठोकताना आवाज बसला. काजळीनं पाय किंचित ओढून घेतला. मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं.

पण समोर मोबाईल होता. खिळा उपसायचा म्हणजे कलाकारानं सगळ्यांदेखत माती खायची. मी आणखी दोन ठोके दिले. टोक भिंतीतून बाहेर आलं ते शेजारच्या दोघांपेक्षा बोटभर वर. ते मी मुरडलं, कापलं, वरून कानस फिरवली. इतकं गुळगुळीत केलं की मलाही सापडू नये. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. घोड्याच्या पायात खिळा घुसवल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या.

गुरुवारी दादा ठाणाच्या दारात उभा राहून माझी वाट बघत होता.

"ठोक्या, काजळीचा पाय बघ रे. डावा पुढचा. सकाळपासून आखडतेय."

"चालवून दाखव."

त्यानं तिला दुडक्या चालीनं नेलं आणि परत आणलं. घोडा कुठल्या पायानं लंगडतोय हे बघायला पायांकडं बघायचं नसतं, मानेकडं बघायचं. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते, चांगला पाय टेकला की खाली येते. काजळी डावा पाय टेकताना मान वर टाकत होती. मी वाकलो. खुरावर तळवा ठेवला. शेजारच्या खुरापेक्षा गरम. घोट्याच्या मागं दोन बोटं लावली. तिथली नाडी एरवी शोधावी लागते, ती धपधप उडत होती. खूर गरम आणि नाडी उडतेय, म्हणजे आग खुरातच आहे. हे मला शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ आहे.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "खूर ठीक आहे. वर कुठंतरी असेल. शीर धरली असेल."

दादाचा चेहरा उतरला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो हळूच म्हणाला, "काल रिंगणात पाणी मारलं होतं रे. सगळा चिखल. म्हणून मी तिला मागच्या डांबरी रस्त्यानं फिरवून आणली. त्यानं झालं असेल?"

"असेल," मी म्हणालो.

लोक खून करतात तेव्हा निदान हत्यार तरी उचलतात. मी एक 'असेल' उचलला आणि माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्यात घातला. आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

शुक्रवारी डॉक्टर आले. हे जनावरांचे मोठे डॉक्टर, पण आम्ही त्यांना फोटोवाले म्हणतो, कारण त्यांच्याकडं शरीराच्या आतले फोटो काढायची सगळी यंत्रं आहेत आणि ती यंत्रं त्यांना घरी बसलेली आवडत नाहीत. त्यांनी आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, मग तपासलं. म्हणजे आधी साक्षीदाराचं तोंड बांधलं, मग साक्ष घेतली. खूर दाबून बघायचा मोठा चिमटा असतो. दुखऱ्या जागी दाबला की घोडा पाय हिसकतो. तो त्यांनी लावला, नाही असं नाही. पण पाहुण्यांच्या पोराचा गाल ओढावा तसा लावला. औषधानं गुंगलेली काजळी गप्प उभी राहिली.

"नाल तर कोरी करकरीत आहे," डॉक्टर म्हणाले. "काम सुंदर झालंय. खुराचा प्रश्नच नाही."

मी शेजारीच होतो. मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. सूज वर चढली तसे डॉक्टरही वर चढले. सोमवारी यंत्र आलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मागच्या बाजूनं जी जाड शीर जाते, तिला ते कंडरा म्हणतात. तिच्यात त्यांना फाटल्याची खूण दिसली. दिसणारच. पाच-सहा वर्षं अडथळ्यांवरून उड्या मारलेल्या घोडीच्या शिरेत जुनी खूण नसेल तर ती उड्या मारत नव्हती, रांगत होती. पण यंत्राला नवं-जुनं कळत नाही. आणि ज्यानं यंत्र आणलंय त्याला काहीतरी सापडायलाच लागतं.

मंगळवारी काजळीनं पाय टेकायचं सोडलं. तीन पायांवर उभी. अंगावर घामाच्या रेघा, पुढ्यातला चारा तसाच. डॉक्टरांनी ऑफिसात बाईंना काळेपांढरे फोटो दाखवले आणि सांगितलं, कंडरा पूर्ण तुटली आहे, या वयात जुळणार नाही, हाल करण्यात अर्थ नाही. शुक्रवारी सकाळी येऊन तिला मोकळं करू. मोकळं करू! शब्द किती स्वच्छ आहेत या लोकांचे, त्यांच्या बुटांसारखे.

आणि तुटली कशानं? तर डांबरी रस्त्यानं. दादानं स्वतःच सांगितलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. ऑफिसच्या भिंतीवर पाटी आहे, घोडे आवाराबाहेर नेऊ नयेत. बाईंनी ती पाटी दाखवली, डोळे पुसले आणि दादाला महिनाअखेरीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. डोळे पुसणं खरं होतं. खोल्या रिकाम्या करणंही खरं होतं.

बुधवारी मी वर गेलो. वहिनी जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. मुली शाळेत गेल्या होत्या. दादा खाली काजळीच्या ठाणात, दोन दिवस तो तिथून हलला नव्हता.

"या भावोजी," वहिनी म्हणाली. "बसायला जागा नाही, पण तुम्हाला कुठं बसायची सवय आहे. जरा हे खोकं दाबून धरा."

मी दाबून धरलं. तिनं चिकटपट्टी ओढली.

"तुमचे दादा जेवत नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, मी मारली तिला. मी म्हटलं, अहो, रस्त्यानं चालून घोडे मरत असते तर जगात घोडाच उरला नसता. तर माझ्यावरच खेकसले. म्हणे तुला काय कळतंय, ठोक्यानं खूर बघितलाय."

मी खोक्याची कड आणखी दाबली.

"मला खरंच काही कळत नाही. पण भावोजी, एक विचारू? रागावू नका. तुम्ही एरवी डांगोरा पिटता ना, की पाय दुखला की आधी खूर, नाल काढून खूर, मग बाकीचं सगळं. मागं त्या पांढऱ्या घोड्याच्या वेळी तर डॉक्टरांशी भांडलात. इथं जेवताना दोन तास तेच चाललं होतं, माझी पोळी गार झाली ऐकून ऐकून. मग या वेळी नाल का नाही काढलीत?"

"कोरी होती," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि दुसरं खोकं पुढं ओढलं. "मला आपलं वाटलं. हेही दाबा."

तिला काहीच माहीत नव्हतं. मला टोचावं असंही तिच्या मनात नव्हतं. म्हणूनच ते इतकं आत गेलं. मी आणखी तीन खोकी दाबली आणि जिना उतरलो. त्या दिवशी मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. सगळे विचार माझ्याच बाजूचे होते. खिळा आपोआप सुटेल, डॉक्टरांचंच खरं असेल, दादाला दुसरीकडं काम मिळेल, घोडी म्हातारीच आहे. माणूस स्वतःचा वकील असला की खटला लांबतो.

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा मी दारात होतो. आत बाई होत्या, डॉक्टर होते, उद्याचे कागद घेऊन आले होते, आणि सही करायला बोलावलेला दादा होता. मोतद्दारानं घोडा नियम मोडून बाहेर नेला, अशा मजकुराखाली त्याची सही हवी होती. तो पेन शोधत होता.

"सही करू नकोस," मी म्हणालो. "रस्त्यानं काही झालं नाही. माझा खिळा आहे. आतल्या बाजूचा तिसरा. गेल्या आठवड्यात सोमवारी तुम्ही शूटिंग करत होता तेव्हा आत गेला. मला तेव्हाच कळलं होतं. तिच्या खुरात पू झालाय. शीर-बीर काही तुटलेली नाही."

मला वाटलं होतं, छप्पर कोसळेल. बाई ओरडतील, डॉक्टर उठतील, मला हाकलतील. मी त्याची तयारी करून, हत्यारांची पेटी बरोबर घेऊन आलो होतो. हाकललं तर तसंच निघायचं.

बाईंचे डोळे भरून आले.

"बघितलंत डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "भावासाठी माणूस स्वतःवर आळ घ्यायला तयार आहे. आजकाल कुठं बघायला मिळतं हे?"

"बाई, मी आळ घेत नाही. मी केलंय."

"कळतंय मला. फार मोठं मन आहे तुमचं."

"मोठं-बिठं काही नाही. मी लपवलं. दहा दिवस लपवलं."

डॉक्टर सावकाश हसले. डॉक्टर लोक असे हसतात तेव्हा समजावं, आपला अडाणीपणा त्यांना फार गोड वाटतोय. "हे बघा," ते म्हणाले, "तुमची भावना मी समजू शकतो. पण मी खूर तपासलाय. तुम्ही स्वतःही तपासलात, दादांनीच मला सांगितलं. तुम्ही म्हणालात खूर ठीक आहे. आता उद्याची तारीख ठरल्यावर अचानक पू कुठून आला? आणि हा फोटो बघा, इथं काळं दिसतंय ना—"

"ते जुनं आहे. पाच वर्षांपूर्वीचं. तेव्हाही तुम्हीच फोटो काढला होता."

"प्रत्येकानं आपापलं काम करावं," डॉक्टर म्हणाले. हसू गेलं होतं.

मग मी शपथ घेतली. बाई आणखी हळव्या झाल्या. मी जितकं खरं बोलत होतो तितका मी मोठा होत होतो. टेबलाच्या पलीकडून मला पाणी देण्यात आलं. आयुष्यभर खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मुकाट ऐकून घेतलं होतं, आणि एकदा खरं बोललो तर माझ्या त्यागाचं कौतुक चाललं होतं. मला ओरडावंसं वाटलं, की अरे, शिव्या तरी द्या!

दादानं पेन टेबलावर ठेवलं. माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी काही मोडून ठेवलं की आईला कळायच्या आधी त्याला कळायचं, माझ्या कानांवरून. माझे कान लाल होतात. तो माझ्या कानांकडं बघत होता.

"पेटी आणलीस?" त्यानं विचारलं.

"बाहेर आहे."

"चल."

"दादा, डॉक्टरांनी सांगितलंय तिला हलवायचं नाही," बाई म्हणाल्या.

"हलवत नाही बाई. उद्या मरायचीच आहे. आज एक नाल कमी झाली तर काय बिघडलं?"

आम्ही दोघं पुढं, ते दोघं मागं, असे तबेल्यात आलो. दादानं काजळीचं डोकं छातीशी धरलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलत राहिला. मी वाकलो. पाय उचलताना ती थरथरली. पायाला डॉक्टरांनी बांधलेली पट्टी गरम होती, खूर तर निखारा. मुरडलेली टोकं मी एकेक करून सरळ केली. नाल एकदम ओढली नाही, दुखऱ्या खुरावर तसं करायचं नसतं. खिळे एकेक करून उपसले. बाहेरचे चार कोरडे निघाले, चकचकीत. आतला पहिला कोरडा. दुसरा कोरडा. मागून डॉक्टरांनी घसा साफ केल्याचा आवाज आला.

तिसरा पकडीत धरला आणि खेचला. काजळी शहारली. खिळा ओला होता, काळा. त्याच्या मागोमाग भोकातून करडं, पातळ, दुर्गंधी पाणी उसळलं, थेंब थेंब नाही, पिचकारीसारखं. माझ्या मनगटावर आलं, आणि जवळून बघायला वाकलेल्या डॉक्टरांच्या बुटावर आलं. वास असा, की बाई दोन पावलं मागं सरकल्या. मी खुराच्या तळव्याला सुरीनं थोडी वाट करून दिली, उरलेलंही वाहून गेलं.

काजळीनं एक लांब श्वास सोडला. मी तिचा पाय खाली ठेवला. तिनं तो उचलून धरला. मग टेकवला. मग त्याच्यावर थोडं वजन दिलं, थांबली, आणखी दिलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा ती चार पायांवर उभी राहिली. आणि गव्हाणीत तोंड घातलं.

दादा माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, आता तो रडेल किंवा मला मिठी मारेल. दोन्हीसाठी मी तयार होतो.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "गेल्या गुरुवारी. मी तुला विचारलं होतं, खूर बघ म्हणून."

एवढंच. मग तो गरम पाणी आणायला गेला. पाण्यात मीठ घालून खूर बुडवून ठेवायचा, मग कोंड्याचं गरम पोटीस खुराखाली बांधायचं, वरून जाड कापड, वरून चिकटपट्टी. हे सगळं आम्ही मिळून केलं. मी 'धर' म्हटलं की तो धरत होता, 'सोड' म्हटलं की सोडत होता.

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते बरोबरच केलं, खुराच्या जखमेला ते लागतंच. बूट पुसता पुसता त्यांनी निदानही पुसून नवं केलं. दोन दिवसांनी त्यांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की कंडरेच्या दुखापतीमुळं पायात संसर्ग झाला, औषधोपचारानं तो खाली खुराकडं उतरवण्यात आला आणि योग्य वेळी तिथून काढण्यात आला. उतरवण्यात आला! जणू जिन्यानं. खिळ्याचा उल्लेख कुठंच नव्हता. नालबंदानं सहकार्य केलं, असं एक वाक्य होतं.

बाईंनी दादाचा कागद फाडला. खोल्या राहिल्या. वहिनीनं भांडी परत मांडली आणि मला निरोप पाठवला, की खोकी तुम्ही फार जोरात दाबली होती, दोन कप गेले. ऑफिसातली पाटी मात्र तशीच राहिली, आणि रिंगणात पाणी मारलं की घोडे कुठं फिरवायचे हेही तसंच राहिलं. आणि मी? मी बाईंना आणखी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "पुरे आता, किती मनाला लावून घ्याल." दुसऱ्यांदा त्यांनी मला मोबाईल दाखवला. त्या सोमवारचं शूटिंग त्यांनी सगळ्यांना बघायला टाकलं होतं. तिसरा खिळा त्यात स्वच्छ ऐकू येत होता. टण, टण, टण, आणि मग ते बसलेले ठोके. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय हात आहे, जुनी कला जपली पाहिजे. हजारो लोकांनी तो आवाज ऐकला होता. एकाचाही कान उभा राहिला नव्हता.

अठरा दिवसांनी खूर कोरडा, टणक झाला. काजळी सरळ चालायला लागली, मान एका रेषेत. आता परत नाल लावायची होती. बाईंनी मुद्दाम बोलावणं धाडलं. मी सकाळी पेटी घेऊन आलो, पुढचं चामडं कमरेला बांधलं आणि काजळीच्या ठाणापुढं जाऊन उभा राहिलो.

दादा तिला घेऊन बाहेर आला. पण माझ्याकडं आणली नाही. फाटकाशी एक जुनी गाडी उभी होती आणि तिच्यातून शहराच्या दुसऱ्या टोकाचा नालबंद आपली हत्यारं काढत होता. मी त्याला ओळखतो. सावकाश माणूस. एका पायाला माझ्या दुप्पट वेळ लावतो, आणि काम दिसायला ओबडधोबड. त्याच्या कामाला कोणी टाळ्या वाजवणार नाही.

बाई ऑफिसातून बाहेर आल्या. "दादा, हे कोण? आपले नालबंद आलेत ना?"

"आलेत," दादा म्हणाला. "बाकीचे सतरा त्याचेच. त्याच्यासारखा हात या भागात नाही, बाई, मी आजही सांगतो. पण काजळीला तो हात लावणार नाही."

"अहो, त्यांनीच तर तिला वाचवलं. तुमच्यासाठी एवढा आळ घेतला बिचाऱ्यांनी."

"आळ नव्हता तो," दादा म्हणाला.

बाई माझ्याकडं बघून हसल्या. भावाभावांतली काहीतरी कुरबुर असेल, अशा हसण्यानं. मग फोन वाजला आणि त्या आत गेल्या.

मी चामड्याचा बंद उगाच सैल करून परत आवळला. अख्ख्या आवारात माझं खरं मानणारा एक माणूस होता, आणि त्यानं घोडीची दोरी दुसऱ्याच्या हातात दिली होती. मला राग यायला हवा होता. राग हे माझं रोजचं जेवण आहे, कधी चुकत नाही. त्या दिवशी तो आला नाही. तो सावकाश माणूस काजळीच्या चारही खुरांवरून तळवा फिरवत होता. घाई नव्हती त्याला.

मी पांढऱ्याचं ठाण उघडलं आणि कामाला लागलो. दुपारपर्यंत तीन घोडे झाले. हात धुवायला हौदावर गेलो तेव्हा दादा बादली भरत होता. बराच वेळ बादली भरून वाहत राहिली, तरी त्यानं नळ बंद केला नाही.

"वर जेवायला बोलावलंय," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या वहिनीनं."

"येतो."

"पेटी खालीच ठेव," तो म्हणाला आणि बादली उचलून काजळीकडं गेला.